डोळं मिटा, नाक उघडा

एसटीत झाडाचं तिकीट काढणारा माणूस आमच्या पट्ट्यात एकच, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. गजाकाका चोंढीच्या नर्सरीतून कुंडी घेऊन गाडीत चढतात, कुंडी मांडीवर न घेता खिडकीजवळच्या सीटवर बसवतात आणि कंडक्टरला म्हणतात, "दोन हाफ. एक माझं, म्हाताऱ्याचं. एक ह्याचं."

"काका, हाफ बारा वर्षांच्या आतल्यांना असतं."

"मग ह्याचं वय काय पंचवीस दिसतं तुला?"

कंडक्टर नवा असला तर वाद घालतो. जुना असला तर मुकाट्याने सामानाचं तिकीट काढून देतो. ते तिकीट काका गुंडाळी करून कुंडीच्या मातीत खोचतात. चोरून आणलेलं रोप जगतं, असं सगळं गाव म्हणतं. काकांचं उलटं. "कायद्यानं आलेलं रोपच घरात टिकतं," असं ते छातीठोकपणे सांगतात आणि पुढच्या महिन्यात मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं आणायला पुन्हा चोंढीला जातात.

काकांनी पस्तीस वर्षं मांडव्याच्या जेट्टीवर लाँचचे दोर बांधले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर सुनेच्या कामात लुडबूड करतात. काकांना सून नाही, लेक लग्न होऊन पनवेलला गेलेली. ते रोपांकडे वळले. मासळीच्या बर्फाचे थर्माकोलचे रिकामे खोके त्यांनी जेट्टीवरून आणले, त्यात माती भरली आणि अंगण व्यापून टाकलं. पुदिना, कोथिंबीर, पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, आणि बंगलेवाले मुंबईकर त्यांच्या पास्त्यात घालतात ते बेसिल. खोके नीट धुवायचे असतात हे काकांना दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षीच्या पुदिन्याच्या चटणीला बोंबलाचा वास होता. मी घाटावरचा, इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलेला, जन्माचा शाकाहारी. ती चटणी मी दोनदा मागून खाल्ली, हे इथे कबूल केलेलं बरं.

त्यांच्या अंगणातून जाणं म्हणजे जकात नाक्यावरून जाणं. पोस्टमन असो, गॅसवाला असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, काका आडवे येतात, एक पान चुरगाळतात आणि हुकूम सोडतात, "डोळं मिटा, नाक उघडा!" मग त्या माणसाने सांगायचं, वास आला का, किती आला, कुठवर गेला. उमेदवाराने एकदा पानओव्याला कोथिंबीर म्हटलं. काकांनी त्याला मत दिलं नाही.

माझं नाक जरा नाजूक आहे. कशानेही शिंका येतात. याचा शोध लागल्यापासून मी त्यांचा कायमचा तपासनीस झालो. मला शिंक आली की माल चोख. दोन शिंका आल्या की त्या दिवशी रोपाला जादा पाणी.

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे मासळी धुतलेलं पाणी झाडांना घालतात, आणि त्यावर कढीपत्ता असा फोफावतो की विचारू नका. काकांनी तेच पाणी रोजमेरीला घातलं. रोजमेरी म्हणजे सुरूच्या झाडासारख्या बारीक पानांचं, कोरड्या हवेतलं नखरेल झुडूप. चौथ्या दिवशी गावातली सगळी मांजरं त्या कुंडीभोवती बैठकीला बसली आणि आठव्या दिवशी रोजमेरी वारली. काका ती मेलेली काडी घेऊन नर्सरीत भांडायला गेले. तक्रार ती मेली याची नव्हती. "हिला वासच नव्हता," अशी होती.

नर्सरीवाला त्यांना चांगलाच ओळखतो. "काका, रस्त्यावरून जाणाऱ्याला वास येतो माझ्या मालाचा."

"मग माझ्या घरी का न्हाय येत?"

हे ऐकून मी बरेच दिवस हसत होतो. नंतर खरं कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

इंदूकाकी, म्हणजे काकांची बायको. त्या बाजारात शिरल्या की मासे विकणाऱ्या बायका टोपलीवर फडकं ओढायच्या, असं अजून सांगतात. कालची सुरमई त्यांना दहा पावलांवरून कळायची. शेजारच्या घरात आमटीत मीठ राहिलं तर काकी म्हणे वासावरून सांगायच्या. मग तो साथीचा ताप आला. काकी त्यातून उठल्या, पण त्यांचं नाक गेलं ते गेलंच. चार वर्षं झाली. एकदा दोन हातांवर दूध करपत होतं आणि त्या शांतपणे तांदूळ निवडत बसल्या होत्या. धूर डोळ्यांत गेला तेव्हा उठल्या. बाजारात जाणं त्यांनी सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं. पनवेलची लेक बाळंत झाली, काकींनी नातीला उचललं, तिच्या टाळूला नाक लावलं आणि तशीच परत ठेवली. "कापसाची बाहुली धरल्यागत वाटलं," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोनदा उग्र वास घेत राहा, नाक कधी परत येईल सांगता येत नाही. त्यांनी लवंग, लिंबू असल्या बाटल्या दिल्या. काकांनी त्या कपाटात ठेवून दिल्या. "बाटलीतला वास मेलेला असतो, मास्तर. जिता वास पायजे." तेव्हापासून एकेक रोप घरात येतं. सकाळ-संध्याकाळ काकी पडवीत डोळे मिटून बसतात, काका त्यांच्या नाकाशी पान चुरगाळतात. काकी मान हलवतात, न्हाय. लगेच काका ते पान घेऊन रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाशी. कारण त्यांच्या मते दोष रोपाचाच असतो. इंदूच्या नाकाला बोल लावायला त्यांची जीभ रेटत नाही.

गेल्या माघात एका संध्याकाळी मी तिथेच चहा पीत बसलो होतो. काकांनी पान चुरगाळलं. काकींनी डोळे मिटूनच लांब श्वास ओढला आणि त्या म्हणाल्या, "पुदिना."

काकांच्या हातातून पान पडलं. "काय बोललीस?"

"पुदिना हाय तो."

काकांनी मारुतीला नारळ फोडला. आळीत घरोघरी खोबरं वाटलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस अंगणात खोक्यांमधून उड्या मारत जात होता. मला तर रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी काकी ताटलीत घावन-चटणी घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकी, देवाने ऐकलं."

त्या दाराच्या चौकटीकडे बघत राहिल्या. "वास न्हाय आला, मास्तर. पुदिन्याचा गारवा लागतो नाकाला आतून. तेवढंच. चार वर्षं ते माझ्यापुढं पानं चुरडतायत. किती येळा न्हाय बोलू? तुम्ही त्यांना काय सांगू नका."

मी नाही सांगणार म्हटलं.

पुढच्या आठवड्यात माझा भाऊ मुंबईला निघाला, त्याला सोडायला संध्याकाळी जेट्टीवर गेलो. परतताना बघतो तर गजाकाका एका लाँचच्या इंजिनाजवळ उकिडवे बसलेले, आणि डिझेलमध्ये भिजवलेला रुमाल मानेला आणि हातांना चोळतायत. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी त्यांना उठवलं. आम्ही चालत निघालो.

जेट्टी मागे पडल्यावर काकांनी रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाले, "कामावर होतो तेव्हा ही मला दारात अडवायची. 'डिझेल आलं घरात! आधी आंघोळ, मग आत.' पस्तीस वर्षं, मास्तर. दमून यायचो, भूक लागलेली असायची, आणि ही दारात कंबरेवर हात ठेवून. लई राग यायचा." ते थांबले, धोतर सावरलं. "परवा पुदिना वळखला ना तिनं, तवा नारळ फोडून मी थेट हितं आलो. असंच डिझेल चोळलं नि घरी जाऊन दारात उभा ऱ्हायलो."

"मग?"

"बोलली, दमलात वाटतं, या आत."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय. पण तिला बोलू नका. ती माझ्यासाठी पुदिना पुदिना करते. तिला वाटतं मी खूश हाय."

"नाही बोलणार. मग आज पुन्हा कशाला चोळलंत?"

"डॉक्टर बोलला ना, कधीपन येईल. आजपन येऊ शकतो."

आम्ही घराशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. काका पायरीवर उभे राहिले. मी तीन पावलं मागे होतो आणि डिझेलच्या दर्पाने माझं डोकं चढलं होतं. काकींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काका ताठ उभे, अंग चोरून, आता ओरडा बसणार अशा तयारीत.

"असे दारात का उभे?" काकी म्हणाल्या. "या की आत. चहा ठेवते."

पुढे होऊन सांगावंसं वाटलं, काकी, एकदा ओरडा हो त्यांच्यावर. पण मी दोघांनाही शब्द दिला होता. "ठेव," काका म्हणाले, आणि चपला काढून तसेच आत गेले.