वाटीतला मेंदू

लातुरात जीवशास्त्र शिकवणारे ढीगभर असतील, पण जिवंत मेंदूत रक्तवाहिन्या शिरताना दाखवणारा एकच. मी, मृत्युंजय सर! निदान त्या रविवारच्या सकाळपर्यंत माझी तशी पक्की समजूत होती.

झालं असं, की पलीकडच्या गल्लीत गारेगार हॉल आणि भिंतभर पडदा असलेला नवा क्लास निघाला, आणि माझी पोरं एकेक करून तिकडं सरकायला लागली. या वर्षी बॅच भरली नाही तर क्लासला कुलूप लावून उदगीरला मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. मेव्हण्यानं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्या खुर्चीच्या नुसत्या विचारानं माझी झोप उडाली होती.

अशात मला वर्षाराणी आठवली. ही माझी भाची, हैदराबादेत झेब्रा माशाच्या पिल्लांवर संशोधन करते. पिल्लं अगदी काचेसारखी आरपार! त्यांच्या रक्तवाहिन्या वाढत वाढत मेंदूत कशा शिरतात आणि तिथं त्यांच्या भिंती कशा घट्ट होत जातात, हे तिला चक्क डोळ्यांनी दिसतं. त्या भिंतींमुळे रक्तातलं वाटेल ते मेंदूत घुसत नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या दारावरच्या बाई असतात ना, तसंच. डबा आत, डबा आणणारा बाहेर. मी तिच्या मागंच लागलो. शेवटी शिरूर अनंतपाळला घरी जाता जाता ती थोडी पिल्लं आणि फोनला लावायचं एक भिंग देऊन गेली. पालकांना बोलावून टीव्हीवर दाखवायचं ठरलं.

अडचण एकच होती. आमचं घर लिंगायताचं, त्यात सासूबाई लक्ष्मम्मा मुक्कामाला. घरात मासा आलाय म्हटलं असतं, तर माशाआधी मी बाहेर गेलो असतो. म्हणून पिल्लांची काचेची वाटी गुपचूप कपाटावर ठेवली आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. हुशारी म्हणतात ती हीच!

रविवारी सकाळी पाहतो तर वाटी ओट्यावर. मला नवल वाटलं नाही. सासूबाई किल्लारीकडच्या, भूकंपापासून उंचावर काच दिसली की त्या खाली उतरवतातच. वाटीत पिल्लं छान वळवळत होती. उलट आदल्या दिवसापेक्षा जरा तरतरीतच वाटली.

हॉल भरला. मागं वर्षाराणीही येऊन बसली. मी भिंग लावलं आणि टीव्हीवर पिल्लू अवतरलं. पालक खुर्च्या पुढं ओढून बसले. मग मला जो चेव चढला! पाण्याच्या वरच्या अंगाला टेकलेल्या टोकावर छडी ठेवून मी मेंदू दाखवला. आतल्या रेघांवर छडी फिरवून रक्तवाहिन्या दाखवल्या. मेंदूभोवतीची घट्ट भिंत दाखवली. बेकरीवाले निजामोद्दीनभाई आपल्या पोराला, मुनीबला, कोपरानं ढोसून नीट बघायला सांगत होते. मागून वर्षाराणी कसल्या तरी खुणा करत होती. मला वाटलं, कौतुक करतेय.

तेवढ्यात चहा घेऊन सासूबाई आल्या. टीव्हीकडं बघून जागच्या जागी थांबल्या.

"जावईबापू, ह्या परत झाल्या का? सकाळीच नालीत ओतल्या की म्या."

मी विचारलं, काय ओतलं?

"अळ्या. वाटीत झाल्त्या. दवाखान्याच्या बाया सांगून गेल्यात, अळ्या दिसल्या की ओता म्हणून. वाटी घासली, तुमी रागवाल म्हणून अंगणातल्या रांजणाचं पाणी भरून ठिवलं. आता रांजणात बी झाल्या म्हणा की."

आमच्याकडं नळ येतो आठ-दहा दिवसांनी, त्यामुळे रांजण घरोघरी आणि रांजणातल्या डासांच्या अळ्याही घरोघरी. हॉलमधला एकेक माणूस त्यांना जन्मापासून ओळखत होता. तरी इतका वेळ सगळे वहीत मेंदू उतरवून घेत होते!

मी आशेनं वर्षाराणीकडं पाहिलं. तिनं डोकं धरलं होतं.

"मामा, तुम्ही छडी ठेवली ना, ती तर शेपटी आहे. डासाची अळी उलटी लटकते. शेपटीनं श्वास घेते."

मग जो हशा उसळला, तो पलीकडच्या गारेगार हॉलमध्येही ऐकू गेला असेल. पालक हसत हसत चपला घालायला लागले. मला डोळ्यांपुढं उदगीरची खुर्ची दिसायला लागली. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

निजामोद्दीनभाई तेवढे माघारी फिरले. मुनीबला माझ्यापुढं उभा केला आणि त्याचं नाव क्लासात लिहून घ्यायला सांगितलं. माझा विश्वासच बसेना. भाई, एवढं पाहूनही? असं मी विचारलंच.

"पाहूनच ह्याला तुमच्याकडं टाकून राहिलो, सर," ते अगदी मनापासून म्हणाले. "तुम्ही अळीच्या शेपटीत मेंदू दाखवला. मग ह्याच्या डोक्यात बी दाखवालच की!"

हे ऐकून चपला घातलेले आणखी चौघे बाप आपापली पोरं घेऊन परत आले.