सावत्र सिस्टर

"हे स्थळ आता हातचं जात नाही! तुम्ही फक्त बघत राहा!" मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत उभा राहून अनंत टिपणीस म्हणाला. त्याच वेळी कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण घरात दोघीच, बायको उत्तरा आणि बहीण, आणि दोघींचाही त्या दिवशी त्याच्यावर विश्वास होता. असा दिवस वर्षातून एखादाच येतो, आणि तो वाया घालवायची अनंतला खोडच होती.

बहीण जयंती. आईवडील गेल्यापासून अनंतनं तिला लहानाची मोठी केली होती. शाळेत शिकवायची, आणि आलेलं प्रत्येक स्थळ वहीतल्या चुकीच्या गणितासारखं खोडायची. पण बोरिवलीच्या चौबळांचा चंद्रप्रकाश तिला बघून गेला, आणि बाईसाहेब काही न बोलता गुणगुणत भांडी विसळायला बसल्या! एवढा मोठा होकार टिपणिसांच्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. हे लग्न मोडलं तर ही पोरगी पुन्हा कधी गुणगुणणार नाही, हे अनंतला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एकच होती, मुलाचे वडील. जयवंतराव चौबळ मुलीपेक्षा तिचं घराणं बघत. बैठकीला आले, नवी कवळी सांभाळत लाडू खाल्ला आणि म्हणाले, "तुमच्याकडे नाव घेण्यासारखं कोण?"

टिपणिसांकडे नाव घेण्यासारखा एक काका होता, पण त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. म्हणून अनंतनं हुकमाचं पान टाकलं.

"आमच्या उत्तराची सोरोरिटी सिस्टर दिल्लीला आहे! खासदार! वनमाला सबनीस!"

यात खोटं काहीच नव्हतं. उत्तरा कॉलेजात असताना तिच्या होस्टेलवर एक अमेरिकन मडम होती. तिनं मुलींचं एक मंडळ काढलं होतं, त्याला ती सोरोरिटी म्हणायची. पांढऱ्या साड्या नेसून, मेणबत्त्या लावून मुली शपथ घ्यायच्या, की आजपासून आपण एकमेकींच्या सिस्टर. अमेरिकेत राजकारण गाजवणाऱ्या कितीतरी बायका असल्या मंडळांतून वर आल्या, तशा तुम्हीही याल, असं मडम सांगायची. तिचं म्हणणं खरं केलं ते एकट्या वनमालेनं. बाकीच्या सिस्टर वालाच्या बिरड्यापर्यंत पोचल्या आणि तिथंच थांबल्या.

जयवंतरावांनी मान डोलावली. "सावत्र सिस्टर. असं, असं. चालायचंच."

कवळी नवी आहे, शिट्टी मारते, म्हणून सोरोरिटीचं सावत्र होतंय, असं अनंतला वाटलं. तो उदार मनानं हसला. हेच ते हसू! त्याचा पुढं पदोपदी पश्चात्ताप झाला.

"साखरपुड्याला येतील ना बाई?"

"येणारच! बहिणीनं हाक मारली आणि बहीण आली नाही, असं होईल का?"

जयवंतराव काम अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते. रीतसर आमंत्रण करावं म्हणून ते घाटकोपरला उत्तराच्या माहेरी गेले. उत्तराचे वडील अण्णा कर्णिक हे निवृत्त हेडमास्तर. जन्मभर शाळेत बोलले, त्यामुळे घरात बोलायचे नाहीत. बायकोला, माईंना, 'मीठ' आणि 'छत्री' याखेरीज तिसरा शब्द क्वचित मिळायचा.

"खासदारबाईंचं मोठं कौतुक वाटतं हो," जयवंतराव म्हणाले. "त्या उत्तराबाईंपेक्षा मोठ्या, म्हणजे तुमच्या थोरल्या कुटुंबाच्या. त्या थोरल्या बाई हयात आहेत का? आमंत्रण दोघींना करायचं ना, म्हणून विचारतो."

स्वयंपाकघरात पातेलं पडलं. अण्णांना प्रश्नाचा अर्थच लागला नाही. आणि ज्या प्रश्नाचा अर्थ लागत नाही त्याला नाही म्हणू नये, ही त्यांची हेडमास्तरी शिस्त. त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "चौकशी करावी लागेल."

झालं! संध्याकाळी माई ट्रंक घेऊन मुलुंडला हजर! दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेले मोड आलेले वाल.

"माई, अहो हे काय?" अनंत उडालाच.

"त्या माणसाला चौकशी करायचीय, करू दे! आणि वाल मी का ठेवू तिकडे? थोरली येऊन खाईल!"

उत्तरा आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ कुजबुज, मग हुंदका, मग वाल सोलल्याचा आवाज. अनंत मात्र बाहेर कपाळाला हात लावून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! त्याची गादी त्याच रात्री गॅलरीत गेली.

"दादा, माझं लग्न मोडणार का रे?" जयंतीनं विचारलं. तिचं गुणगुणणं थांबलं होतं, हे अनंतच्या आत्ता लक्षात आलं.

"मोडतंय कसलं! उद्या बोरिवलीला जातो आणि सगळं निस्तरून येतो!"

गेला बिचारा.

"जयवंतराव, जरा घोटाळा झालाय. ती सावत्र नाही."

"सख्खी?"

"सख्खीही नाही. म्हणजे शपथेनं झालेली बहीण. कॉलेजात सगळ्या मुलींनी शपथ घेतली होती."

"शपथ? कशावर हात ठेवून?"

"हात कशावर नाही हो. मेणबत्त्या लावून. त्यांची मडम होती ना, तिनं पांढरी वस्त्रं नेसायला लावून..."

जयवंतरावांचा चेहरा लाडू अडकल्यासारखा झाला. आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. "अगं बाई! म्हणजे मुलीची वहिनी बाटलेली आहे?"

"नाही हो! तसं नाही! देवाशप्पथ नाही!"

"मेणबत्त्या, मडम, पांढरी वस्त्रं, सिस्टर! मग आणखी काय राहिलं?" जयवंतराव उठून उभे राहिले. "टिपणीस, घराण्यात सावत्र खपतं. हे नाही खपायचं. आमचा चंद्रप्रकाश..."

अनंतच्या डोळ्यांसमोर गप्प बसलेली जयंती आली. तो घाईघाईनं ओरडला, "सावत्रच! सावत्रच आहे हो! घरची अब्रू म्हणून झाकत होतो! अण्णांची थोरली बायको, तिची मुलगी! आमच्या कुलदैवताची शपथ!"

आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात, पण अनंतनं फुफाट्यात अंथरूण घातलं होतं. आता बोरिवलीत वनमाला सावत्र असायला हवी, घाटकोपरात ती कुणीच नसायला हवी, आणि साखरपुड्याला दोन्हीकडची मंडळी एकाच खोलीत बसणार. त्याला जेवण जाईना. माई सकाळ-संध्याकाळ बिरडं करत होत्या, तरीही जाईना.

साखरपुड्याच्या दिवशी अण्णा आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. माई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून. मधे सगळे चौबळ. जयंती हिरव्या साडीत पाटावर, मान खाली. आणि अनंत घामानं चिंब, कुणीही तोंड उघडलं की "सरबत घ्या, सरबत!" म्हणून धावत होता.

तेवढ्यात खाली मोटार थांबली. खादीची शुभ्र साडी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर निवडणुकीचं हसू. वनमाला सबनीस आली!

"सिस्टर!" तिनं उत्तराला मिठी मारली.

"बाई," जयवंतराव हात जोडून पुढं झाले, "आपण उत्तराबाईंच्या सावत्र बहीण ना?"

अनंतनं डोळे मिटले. वाट लागली!

पण राजकारणातल्या बाईला प्रश्नाचा अर्थ कळावा लागत नाही, समोर माणसं बसलेली दिसली की पुरतं. वनमालेनं पदर सावरला. "सख्खं आणि सावत्र! हेच भेद घेऊन बसणार आहोत का आपण, स्वराज्य मिळाल्यावरही? उत्तरा माझी बहीण! हे घर माझं माहेर! आणि अण्णा," ती वळून सरळ अण्णांच्या पाया पडली, "तुम्ही मला वडिलांसारखे नाही, वडीलच!"

टाळ्या! जयवंतरावांची कवळी गहिवरानं निसटता निसटता राहिली. अण्णांनी सवयीनं आशीर्वाद दिला, "शहाणी हो," आणि उरलासुरला पुरावाही पूर्ण केला.

मग माई उठल्या. अनंत सरबताचा पेला घेऊन आडवा गेला. माई चालत आल्या, वनमालेकडे नीट पाहिलं, आणि खण-नारळ घेऊन तिची ओटी भरली. "माहेरी आलीस, तशी जाऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. चौबळांच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चंद्रप्रकाशनं अंगठी घातली, आणि त्या संध्याकाळी भांडी विसळताना जयंती पुन्हा गुणगुणली. ते ऐकून अनंत गॅलरीत जाऊन रडला.

लग्नही झालं. जयंती बोरिवलीला गेली. माई मात्र मुलुंडलाच राहिल्या.

शेवटी एका रविवारी अनंतनं धीर केला. "माई, आता सांगूनच टाकतो. ती वनमाला खरं म्हणजे..."

"ठाऊक आहे मला," माई केसांना तेल लावता लावता म्हणाल्या. "उत्तरानं पहिल्याच दिवशी सांगितलं सगळं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"मग घाटकोपरला का नाही जात तुम्ही?"

"इतकी वर्षं संसार केला, ह्या माणसानं कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. आता दर रविवारी गजरा घेऊन येतात. दाराबाहेर उभे राहतात. परवा तर 'तुझ्यावाचून घर खायला उठतं' म्हणाले. अख्खं वाक्य! तुम्ही मधे बोलून त्यांना शंका आणून देऊ नका."

"पण माई, माझी झोप... ती गॅलरी..."

"हो, बरी आठवण केलीत. तुमची गादी तिथून काढा बरं. दर रविवारी ह्यांना उभं राहायला अडचण होते."

जिन्यावर अण्णांच्या काठीचा आवाज आला. अनंत मुकाट्यानं उठला आणि गादी गुंडाळू लागला.