दाजी आमदारांचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे दाजी आमदार झाले त्या दिवसापासून त्यांनी मतदारांच्या घरचा चहा बंद केला. चहाच नव्हे, पाणीसुद्धा. प्रचाराला निघाले की खांद्यावरच्या पिशवीत फिरकीचा तांब्या. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात. ते नको म्हटलं की याच्या मनात काहीतरी अढी आहे असं घरचे धरूनच चालतात. म्हाताऱ्या बायका पेला पुढे करायच्या आणि दाजी स्वतःचा तांब्या तोंडाला लावायचे. वर सांगायचे, "आज तुमचा पाणी घेतलंय, तर उद्या तुमच्या कामाक नाय कसा म्हणू?"

शेजारी म्हणून सांगतो, असा माणूस लांबून बघायला बरा. दुसऱ्या निवडणुकीला मी त्यांचा कार्यकर्ता होतो आणि मला रोज त्यांचा राग यायचा. समोरचा उमेदवार लाउडस्पीकर लावलेल्या जीपमधून फिरत होता, घरोघर चहा पीत होता. आमचे उमेदवार कसालच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभे. जीप द्यायला दोन व्यापारी तयार होते, पण ज्याची जीप त्याचा आमदार, असं दाजींचं म्हणणं. मग आम्ही दोघं धूळ खात चालायचो.

त्यात तो साकव. आमच्या गावच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, हा छोटा पूल बांधायला सरकारी पैसे मंजूर झाले होते. ठेकेदारानं खर्च फुगवलाय म्हणून दाजींनी ते परत पाठवले. "पैसो लोकांचो आसा, माझ्या बापाशीचो नाय," हे त्यांचं पालुपद. नवी मंजुरी काही आली नाही, आणि पावसाळ्यात बायका डोक्यावर भारे घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जात राहिल्या. तर दाजींनी प्रचाराची सभा नेमकी त्याच व्हाळाच्या काठी घेतली. घरात अस्सल मालवणी बोलणारा हा माणूस सभेत उभा राहिला की कचेरी होऊन जायचा. "सदर रक्कम शासनास परत करण्यात आलेली आहे," असं त्यांनी छाती काढून सांगितलं. टाळी मी एकट्यानं वाजवली.

दुसऱ्याच दिवशी बाबल गावकरांचा निरोप आला. भगवतीच्या देवळातला मान त्यांचा, आणि गाव मत टाकायचं तेही त्यांच्या शब्दावर. दाजींच्या विजयासाठी भगवतीला गाऱ्हाणं घालू, गावानं मिळून मागणं मागू, दाजींनी पुढे येऊन उभं राहावं. नाही आले तर गाव जीपवाल्याकडे जाईल, असा तो निरोप. स्वतःचं गाव गेलं की बाकीच्या गावांत तोंड दाखवायची सोय उरली नसती. दाजी मात्र ढिम्म. "मतां माणसांकडे मागूची," ते म्हणाले. "देवीक कसलो वशिलो लावतास?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकी, म्हणजे दाजींची बायको, आतून धुतलेली टोपी घेऊन आली. "जावा," एवढंच म्हणाली. दाजींनी तिच्याकडे बघितलं, टोपी घातली आणि उठले.

देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं होतं. दाजींशी कोणी बोलेना. गावकरांनी नारळ हातात धरला आणि सुरुवात केली, "आई भगवती, ह्यो तुझो भक्त निवडणुकीक उभो आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"रवा," दाजी म्हणाले. "ह्या मागू नकात."

गाऱ्हाणं कोणी मध्येच थांबवलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला कुजबुज वाढली, दोघेतिघे उठून उभे राहिले. गावकरांचा चेहरा लाल झाला. "मगे काय मागू? नारळ हातात घेतलंय. आता असोच खाली ठेवू?"

दाजींनी त्या नारळाकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या वसंताचा सांगा."

वसंता त्यांचा एकुलता मुलगा. मुंबईच्या गोदीत नोकरी लागावी म्हणून त्यानं वडिलांना एक शब्द टाकायला सांगितलं होतं. दाजींनी तो टाकला नाही. पोरगा चिडला, कुठल्याशा परदेशी बोटीवर चढला आणि वर्ष उलटून गेलं तरी त्याची खबर नव्हती. दाजींनी पुढे त्याचं नाव कधी काढलं नाही. दगड आहे हा माणूस, असं आम्ही म्हणायचो.

"तेच्यासाठी मी कोणाक सांगलंय नाय," दाजी म्हणाले. हा आवाज सभेतला नव्हता. "आता तुमी देवीक सांगा."

गावकरांनी नारळ कपाळाला लावला. "आई भगवती, ह्येचो झील बोटीर आसा, म्हाराजा. आसात थंय तेका सांबाळ आणि आवशीबापाशीकडे सुखरूप घेवन ये, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला. उठून उभे राहिलेलेही ओरडले. मीही ओरडलो.

मतांचं कोणी काढलंच नाही. पुढे आमच्या गावची मतं दाजींना पडली, बाकीची गावं जीपच्या मागे गेली आणि दाजी पडले. पण त्या दुपारी गाव ओरडून थांबलं, गावकर नारळ फोडायला वाकले, आणि दाजी हात जोडून, मागाहून, एकटेच हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."