विकरबींचं सुतक

आमच्या खालच्या मजल्यावरचे देशमानेकाका ओहायोतल्या एका शेतकरी घराण्याचं सुतक पाळतात. घराणं एकोणिसाव्या शतकातलं. दहा दिवसांचं नाही हो. वर्ष उलटून बातमी कळली तर नुसत्या आंघोळीवर भागतं, एवढं शास्त्र काकांना ठाऊक आहे. कागदात कोणाच्या मृत्यूची नोंद सापडली की काका पंचा घेऊन न्हाणीघरात. इथे आखातात, आमच्या अझैबात, जून महिन्यात टाकीचं पाणी असं येतं की पत्ती टाकली तर चहा होईल. काका लालबुंद होऊन बाहेर येतात आणि जिन्यात मला गाठून सांगतात, "एझ्रा गेला गं. बैल उधळले."

"कोण एझ्रा?" असं विचारायची चूक मी एकदाच केली. माझं दूध उतू गेलं.

काका रुसैलला पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर. तिथला एक अमेरिकन इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी गेला आणि त्याचा एक खोका स्टोअरमध्ये राहिला. आत त्याच्या विकरबी घराण्याचे कागद: बायबलच्या पानांवर टिपलेले जन्म-मृत्यू, जनगणनेच्या प्रती, शेताचे नकाशे. काकांनी त्याला कळवलं, तर उत्तर आलं, फेकून द्या. आता हे काकांना सांगायचं? "मोजल्याशिवाय माझ्या स्टोअरमधून खिळा बाहेर जात नाही," काका म्हणाले आणि विकरबी मोजायला बसले. त्याला सहा वर्षं झाली.

पद्धत कारखान्याचीच. जन्म म्हणजे इनवर्ड, मृत्यू म्हणजे आउटवर्ड, आणि प्रत्येक माणसाचं एक कार्ड. "टॅली झालं पाहिजे" हे काकांचं पालुपद. नलूकाकू मात्र वैतागलेल्या. "माझ्या तीन भावांची नावं विचार ह्यांना. दोन सांगतील. एझ्राच्या गाईंची मात्र पाठ आहेत."

माझ्या लेकीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा मी कामात होते, म्हणून काकांकडे पाठवली. आठवड्याने बाईंनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, आपके घर में एझ्रा कौन है?" लेक शांतपणे म्हणाली, "मम्मा, आपले पेपर्स नव्हते ना. काकांकडे सगळे होते."

तर एझ्राला बायका दोन आणि मुलं अकरा. दहा टॅली. अडलं ते अकराव्या लिडियापाशी. एका जनगणनेत आहे, वय वर्षं चार. पुढच्या जनगणनेत नाही. लग्न नाही, थडगं नाही. काकांनी तिकडच्या चर्चना, वाचनालयांना पत्रं धाडली. भेटलं की तेच: "चार वर्षांची पोर जाईल कुठे?"

"पळून गेली असेल कोणाबरोबर," मी म्हटलं. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी काका वर आले. डोकं ओलं.

"लिडिया टॅली झाली."

तिकडच्या वाचनालयातल्या एका बाईंनी मेल केला होता. लिडियाची आई गेली आणि एझ्राने शेजारच्या शेतावरच्या मूलबाळ नसलेल्या जोडप्याला तिला देऊन टाकलं. आडनाव बदललं, म्हणून सापडत नव्हती. म्हातारी होऊन, पतवंडं बघून गेली.

माझी जीभ काही गप्प बसेना. "मग काका, दत्तक गेलेल्या मुलीचं कसलं सुतक? तुमची आंघोळ फुकट गेली."

काका हसले नाहीत. खुर्चीवर बसले.

"मी अनाथाश्रमात वाढलो. देशमाने हे तिथल्या अधीक्षकांचं आडनाव, आम्हा सगळ्या पोरांना तेच. मुलं न्यायला जोडपी यायची. केस विंचरून आम्हाला रांगेत उभं करायचे. मी बऱ्याचदा उभा राहिलो." मग म्हणाले, "हिला नेलं कोणीतरी. बरं झालं."



"लोक सुतकाला वैतागतात," काका म्हणाले. "चुलता गेला, गणपती बुडाला म्हणतात. नलूच्या माहेरचं येतं, पण ते तिचं. माझ्या बाजूने साठ वर्षांत एक आंघोळ आली नाही गं वाट्याला."

ओल्या डोक्याने ते खाली गेले. मला माझी लाज वाटली. सहा वर्षं ह्या माणसाला मी जिन्यात चुकवत होते.

मग मी स्वयंपाकघरात गेले, भात लावला, पिठलं केलं आणि डबा घेऊन खाली उतरले. दार काकांनीच उघडलं. झाकण उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडेच. माणूस गेलंय ना तुमचं."

काकांनी डबा दोन्ही हातांनी धरला आणि आत वळून म्हणाले, "नलू, आज चूल पेटवू नकोस. शेजारून आलंय."