मुकं इंजिन

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणालाही विचारा, गाडीतलं माझ्याइतकं कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही! माझी एट हंड्रेड माझ्या पोराच्या, रविराजच्या वयाची, म्हणजे सव्वीस वर्षांची. आवाज असा, की आमच्या अंथुर्ण्यात चालू केली की बावड्यातली कोंबडी अंडं अर्धवट ठेवून उठायची. एकदा बंद केली की चार गडी ढकलायला लागत, म्हणून कुठं थोडा वेळ थांबलो तर मी ती बंदच करत नसे; घरीसुद्धा सगळे उतरल्यावरच बंद.

आणि आमच्या कौसल्येचा मान बघा! गाडी कुठंही थांबू दे, मी वळसा घालून दार उघडल्याशिवाय ती पाय खाली ठेवायची नाही. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत बसायची. मी म्हणायचो, बसू दे. राणीसारखी ठेवलीय, तर राणीसारखी वागणारच.

तर ठरवलं, गाडीला नवं इंजिन टाकायचं. बारामतीचा सिद्धू मिस्त्री म्हणाला, "तात्या, नवीच घ्या की."

"अरे, अंग धडधाकट हाय, फकस्त काळीज बदलायचं!"

आठ दिवसांत त्यानं अलीकडच्या मॉडेलचं इंजिन बसवलं. किल्ली फिरवली, तर आवाजच नाही! मी तीनदा बॉनेट उघडून पाहिलं, आत खरंच काही आहे का. जुनं इंजिन सिद्धूलाच देऊन टाकलं. कागदावर इंजिनाचा नंबर रीतसर बदलून घेतला. सरकारला सगळं कळवलं, घरात कळवायचं तेवढं राहिलं.

आता आमच्या घरची रीत सांगतो. कालव्याच्या पुलावर गाडी गरजली, की कौसल्या तव्यावर भाकरी टाकायची. मी दारात पोचेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली. सव्वीस वर्षांत मी गार भाकरी खाल्ली नव्हती.

कागदांपायी बारामतीत मुक्काम पडला; दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या इंजिनासह पहिल्यांदाच घरी आलो. ओसरीवर परडी, परडीत भाकऱ्यांची चळत. मोजल्या, सतरा! सगळ्या गार. शेजारी कौसल्या पिशवी भरून बसलेली.

"आज कुणाचं जेवान हाय?"

"मलाच इचारा! सकाळधरनं सतरा डाव पुलावर आला. सतरा डाव भाकरी टाकली. पुलावरनं घरला यायला वाटेत काय आडवं आलं?"

"अगं, मी बारामतीत व्हतो!"

"मग गाडी काय एकटीच फिरती व्हय? पुलापाशी छबूबाईनं रसवंती टाकल्याय. मला कळत न्हाय व्हय?"

"मला साखर हाय. मी रस पितो का?"

"तेच म्हनते मी! रस पीत न्हाय, तर तितं करता काय?"



"मला बावड्याला भावाकडं सोडा," ती म्हणाली.

आयुष्यभर मी हजार थापा मारल्या, तिनं साऱ्या पदरात घेतल्या. आणि आज खरं बोलतोय, तर विश्वास नाही. सव्वीस वर्षं ती माझ्या आवाजावर नव्हे, गाडीच्या आवाजावर भरवसा ठेवून होती, हे मला त्या भाकऱ्यांकडे बघताना कळलं.  

गाडीत बसलो. रागाच्या भरात गाडीला आवाज नाही, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. पुलापाशी आलो, आणि समोरून आमचीच गाडी गरजली! मी घाबरून ब्रेक दाबला.

ताडपत्रीच्या मांडवात छबूबाई चरकात ऊस सारत होती. चरकाला पट्टा, पट्ट्याला माझं जुनं इंजिन! ऊस घातला की गरजायचं, रस निघाला की हळू गुरगुरत राहायचं.

"या तात्या!" ती ओरडली. "सिद्धूनं बसवून दिलं. लय गुनाचं हाय! सकाळपासनं सतरा गिऱ्हाइकं झाली!"

कौसल्येनं इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, की गाडी हलायला लागली.

"चला घरला," डोळे पुसत ती म्हणाली. "अठरावी टाकते."

दारात आलो. गाडी बंद केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या गाडीत एवढी शांतता झाली. कौसल्या नेहमीसारखी बसून राहिली. नेहमीसारखी पुटपुटली. या खेपेला मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ह्या बाजूचं दार आतनं उघडत न्हाय, जरा दुरुस्त करून घ्या की."

मी गर्रकन वळलो. "अगं, हे कधीपासनं?"

"रविराजच्या बारशापासनं सांगतीया."

मी उतरलो, वळसा घातला आणि दार उघडलं. गाडीतलं मला फार कळतं, हे आता मी जरा हळूच सांगतो.