गेनूआबांची राखीव नडगी

गेनूआबांच्या डाव्या पायाला कुणी हात लावायचा नाही. भर वैशाखातसुद्धा त्या नडगीवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पलटणीतले शिपाई बांधतात तसली लोकरी पट्टी गुंडाळलेली. वाटेत कुत्रं दिसलं की आबा उजवा पाय पुढे करत. चावायचं तर हा चाव. लोणावळ्याचा बाजार हसे. "आबा, पायात सोनं पुरलंय काय?"

"सोन्यापरीस भारी माल हाय. लांबनं बोल."

आबा घाटातल्या रेल्वे गँगचे मुकादम होते. त्यांची बायको, सगुणाकाकू, सहा वर्षं फळीवर पडून आहे. ठेकेदाराची खडी डोक्यावर वाहताना ती पाटीसकट उतारावरून गेली आणि कमरेचा मणका सरकला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दारात आला, तो पाटी परत मागायला. बाई जगली की मेली, विचारलं नाही. मजुरांसाठी मी एक पत्रक काढतो, त्यात हे ठळक टायपात छापलं आहे आणि पुन्हा छापीन.

उन्हाळ्यात हवापालटाला मुंबईचे एक सर्जन येतात. मणके एकमेकांना कायमचे सांधायची शस्त्रक्रिया निघाली आहे, तिच्या तीन तऱ्हा आहेत, असं ते एकदा आबांना बोलून गेले. झालं! तेव्हापासून आबा चहाच्या दुकानात अनोळखी माणसालाही धरत. "तुमची बायकू आसती, तर कुटनं उघडली आसती? मागनं का पुढनं?" माणूस अर्धा चहा टाकून पळे.

आबांचं स्वतःचं मत पक्कं होतं. "पाठ उघडून मणक्याच्याच कपच्या तितं भरायच्या, ही झाली खडी. खडी दबती, सरकती. पोटातनं जायचं म्हंजी रूळ ऱ्हायला डोंगरावर आन् तुमी निघालात बोगदा खणत. वाटंत आतडी! तिसरी तऱ्हा, नडगीचं हाड कापून मणक्यावर बसवायचं. ही जोडपट्टी. दोन रुळांस्नी पट्टी ठोकली की वरनं गाडी जाती. आपुन पट्टीवालं."

मला खात्री होती की त्या पायालाही घाटातच इजा झाली असणार, आणि म्हातारा भीतीने लपवतो आहे. मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. जखम दाखवा, मी छापतो, जगाला कळू दे. तासभर भांडल्यावर आबांनी पट्टी सोडली.

नडगी तेलाने चकचकीत. एक ओरखडा नाही.

"जखम कुठाय?" मी ओरडलोच.

"जखम कशाला आसंल? सगुणाची जोडपट्टी हाय ही. अवंदा डागदर आला की कापंल. तडा गेलेली पट्टी चालती व्हय?" असं म्हणून आबा मला पाणी आणायला बाहेर गेले.

फळीवरून काकू हलकेच म्हणाली, "भाऊ, ह्यांस्नी कायबी बोलू नगा. हाड ज्याचं त्यालाच लागतं. मागल्या साली डागदरनं मला सांगितलंय. आन् माझ्या नडगीत कापण्याजोगं काय ऱ्हायलं न्हाई."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"रोज सकाळी ह्ये नडगीला त्याल लावत्यात, पट्टी बांधत्यात आन् माझ्याकडं बगून हासत्यात. दिसातनं तेवढंच हासत्यात."

खरं ते तोंडावर सांगायचं, एवढा एकच धंदा मी आजवर केला आहे.

आबा तांब्या घेऊन आत आले. "बगितली न्हवं नीट? हाय का कुटं डाग?"

"कुठेच नाही, आबा," मी म्हणालो, आणि खाली बसून घोट्यापासून पट्टी बांधायला घेतली.

"घट बांद," आबा म्हणाले.