नानांनी ऐकलेला एकच ‘टक्’

कॉम्प्युटरची मेमरी वाढवणं म्हणजे कपाटात एक फळी जास्त लावणं! “दुकानात कशाला न्यायचा? दहा मिनिटांचं काम!” असं मी घरात जाहीर केलं आणि नऊ मिनिटांत ते केलंही. हे मुद्दाम सांगतो, कारण यापुढे मिरवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

मेमरी हवी होती सासऱ्यांना. नानांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता त्यावर ते पुस्तक लिहीत होते आणि त्यातल्या फोटोंनी आमचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला होता. प्रकाशकाला पुस्तक शनिवारी दुपारी बारापर्यंत हवं होतं. नाहीतर ते वर्षभर लांबणार होतं. आणि नानांचे डोळे पुढच्या वर्षाची खात्री देत नव्हते.

मी मेमरीची पट्टी बसवत होतो तेव्हा नाना शेजारीच बसले होते.

“झालं!” मी म्हणालो.

नाना काहीतरी बोलणार होते. पण नुसतेच “वा, वा” म्हणाले.

बुधवारी ते लिहायला बसले. पाचव्या मिनिटाला पडदा निळा, कॉम्प्युटर ठप्प! उघडलेलं अकरावं प्रकरण गायब.

“नाना, काय दाबलंत?”

“फक्त ‘क’ दाबला हो!”

मग मी बसलो. तासभर कॉम्प्युटर गरीब गाईसारखा चालला. मी उठलो, नाना बसले, पडदा निळा!

गुरुवारी मी व्हायरस शोधले. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम तीन तास चालवला. सगळं ठणठणीत! म्हणजे दोष कुणाचा, हे उघड होतं. मी नानांना हळू टाईप करायला सांगितलं. मग, लोकरीतून वीज येते म्हणून, स्वेटर काढायला लावला. नाना बिचारे थंडीत कुडकुडत एकेक अक्षर दाबत राहिले. तरी पडदा निळाच!

शुक्रवारी ऑफिसात बायकोचा फोन. “लगेच घरी ये. नाना म्हणतायत, पुस्तक राहू दे, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. नुसता चष्मा पुसत बसलेत.”

मी धावत घरी आलो. बायको वायर बघायला टेबलाखाली शिरली होती. तिथूनच तिचा आवाज आला.

“नाना, पाय कुठे ठेवता तुम्ही?”

“या पेटीवर. दुकानात टेबलाखाली दांडी होती ना, तिची सवय.”

पेटी म्हणजे कॉम्प्युटर! माझे पाय तिथवर पोचतच नाहीत.

बायको बाहेर आली. “पायाच्या धक्क्याने बंद पडतोय, म्हणजे आत काहीतरी सैल आहे.”

“शक्यच नाही! मी स्वतः बसवलंय!”

नाना खाकरले. “नाही म्हणजे, जावईबापू… पट्टी बसवलीत तेव्हा एका टोकाला ‘टक्’ झालं. दुसऱ्या टोकाला काही झालं नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही ‘झालं’ म्हणालात. जावयाला कसं सांगायचं, नाही झालं म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा मान राखायला या माणसाने तीन दिवस स्वतःच्या हातांवर संशय घेतला होता! मी पेटी उघडली आणि पट्टीचं दुसरं टोक दाबलं. टक्!

“आता झालं,” नाना म्हणाले. मी गुपचूप त्यांचा स्वेटर आणून दिला.

शनिवारी पावणेबाराला पुस्तक गेलं. छापूनही आलं. नानांनी त्यात माझे खास आभार मानले आहेत. बायको ते पान येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवते: “आमच्या जावयांच्या तांत्रिक मदतीमुळे अकरावं प्रकरण मला चार वेळा लिहिता आलं. चौथ्या खेपेला ते फारच चांगलं उतरलं.”

नानांनी हे अगदी मनापासून लिहिलंय हो. तेच तर वाईट आहे!